उन्हाचं दूध

सहा महिन्यांची रजा संपवून दानेश्वरीनं पुन्हा खाकी शर्ट अंगात घातला, तेव्हा वरची दोन बटणं काही केल्या लागेनात. शर्ट जुनाच, पण अंग आता बाळंतिणीचं. ओढूनताणून बटणं लावली, वरून ओढणी घेतली, तिकिटाचं मशीन गळ्यात अडकवलं आणि पाळण्यातल्या पोरीकडं न बघताच ती बाहेर पडली. बघितलं असतं तर पाय निघाले नसते, हे तिला पक्कं ठाऊक होतं. नवरा गुरुबसव मोटारसायकल चालू करून दारात उभाच होता. मंठाळहून त्यानं तिला बिदर जिल्ह्यातल्या या कल्याणच्या डेपोपर्यंत सोडलं.

दानेश्वरी बसची कंडक्टर. कल्याण ते बिदर, दिवसाला दोन फेऱ्या. गाडीत बाया खच्चून भरलेल्या असतात, कारण बायांना आता शून्याचं तिकीट आहे. माहेरी जायचं, दवाखान्यात जायचं, नुसतंच बहिणीचं तोंड बघून यायचं, सगळ्याला बस. आणि बाया म्हटल्या की कडेवर लेकरं आलीच. पहिल्याच दिवशी हुमनाबादच्या अलीकडं तिसऱ्या बाकावरच्या बाईचं लेकरू भुकेनं रडायला लागलं आणि इकडं दानेश्वरीचा शर्ट पुढून ओला झाला. पान्ह्याला काय कळतंय लेकरू कुणाचं ते. तिनं घाईघाईनं मशीन छातीशी धरलं आणि तसंच धरून बिदरपर्यंत तिकिटं काढली. छाती दगडासारखी झालेली, डोळ्यांत पाणी. एका म्हातारीनं विचारलंसुद्धा, बाई, कुणी काय बोललं का तुला.

गाडीचे ड्रायव्हर श्रीपतराव. वय सत्तावन्न, रिटायर व्हायला आलेले, बोलणं कमी आणि हॉर्न जास्त. त्यांनी आरशात काय बघायचं ते बघितलं. दोन लेकी उजवलेला माणूस, त्याला सांगावं लागत नाही. बिदर स्टँडवर त्यांनी गाडी पार टोकाला कडुनिंबाच्या सावलीत नेऊन लावली, दार ओढून घेतलं आणि दाराला पाठ लावून बाहेर उभे राहिले. चढायला आलेल्यांना म्हणायचे, गाडी झाडायलेत, जरा दम धरा. रोज त्याच वेळेला रोज तीच गाडी कशी काय झाडतात, असं कुणी विचारलं की श्रीपतराव आभाळाकडं बघायचे.

आत मागच्या बाकावर बसून दानेश्वरी डब्याच्या झाकणात दूध पिळायची आणि उतरून कडुनिंबाच्या बुडाला घालायची. आईचं दूध पायदळी पडू नये, पडलं तर पान्हा आटतो, असं आपल्याकडं मानतात. म्हणून मग झाडाचं बूड. चार दिवस असं चाललं. पाचव्या दिवशी ज्योतीनं बघितलं. ज्योती मैलूरची, तान्ह्या लेकरांच्या वॉर्डातली नर्स, रोज याच गाडीनं हुमनाबादला जाणारी. जीभ तिखट, पण मन असं की बघत राहावं. तिनं दानेश्वरीला तिथंच फैलावर घेतलं. झाडाला कामून पाजायलीस, लेकरू तुझं का झाडाचं, म्हणाली.

मग हुमनाबाद येईस्तोवर तिनं सगळं समजावलं. स्टीलची झाकणाची डबी उकळत्या पाण्यातनं काढायची. दूध त्यात घ्यायचं. डबी बर्फाच्या थर्मासात ठेवायची, घरी गेलं की फ्रिजमध्ये. दुसऱ्या दिवशी घरच्यांनी ती गरम पाण्यात उभी करायची, गॅसवर चढवायची नाही, आणि वाटी-चमच्यानं पाजायचं. बाटली अजिबात नको. "आणि येक ध्यानात ठेव," ज्योती म्हणाली, "उपसा आसंल तवर झरा हाय. लेकरू प्यायलं न्हाई का दूधबी गेलं."

दानेश्वरीला हे निराळं सांगायची गरज नव्हती. तिची पोरगी आठव्या महिन्यातच आलेली, पावणेदोन किलोची, मुठीएवढी. काचेच्या पेटीत ठेवली होती सतरा दिवस. चोखायचीसुद्धा ताकद नव्हती तिला. तेव्हा आईचंच दूध पळीपळीनं घालून तिला उठवलं होतं. नाव ठेवलं मल्लेश्वरी, हाक मात्र मल्लव्वा. त्या सतरा दिवसांत दानेश्वरीनं मनाशी एक ठरवून टाकलं होतं: पोरगी वर्षाची होईस्तोवर काहीही होवो, दूध तुटू द्यायचं नाही. नोकरीही सोडायची नाही, कारण ती परीक्षा देऊन, उन्हातान्हात धावून, स्वतः मिळवलेली होती. माणसं म्हणतात दोन्ही डगरीवर हात ठेवू नये. म्हणणाऱ्यांचं काय जातं.

आता घरातली गोष्ट सांगायला पाहिजे, म्हणजे गंगम्माची. दानेश्वरीची सासू. दानेश्वरी तिला अत्ती म्हणायची. साठीची बाई, पक्की लिंगायत, कपाळाला विभूती, गळ्यात लिंग ठेवायची चांदीची पेटी, म्हणजे करडगी. सकाळ-संध्याकाळ अंघोळ करून लिंग तळहातावर घेतल्याशिवाय आणि त्याला नैवेद्य दाखवल्याशिवाय तिच्या तोंडात पाण्याचा घोट जायचा नाही. जेवण झालं की ताटात पाणी घालायची, बोटांनी ताट स्वच्छ धुवायची आणि ते पाणी पिऊन टाकायची. परसाद आहे, एक शीत वाया जाता कामा नये. कुणी आंबलेलं-विटलेलं म्हणून नाक मुरडलं तर तिचं एक वाक्य ठरलेलं असायचं: "लिंगाला दावलं की विखाचाबी परसाद व्हतो." त्यावर कुणी वाद घालायचा नाही.

ही गंगम्मा सुनेच्या नोकरीच्या आड कधी आली नाही, हे खरं सांगायला हवं. पोरीला सांभाळायला तीच पुढं झाली. पण तिची एक अट होती. उन्हातनं आलेल्या बाईनं लेकराला लगेच पाजायचं नाही. हातपाय धुवायचे, घटकाभर बसायचं, पहिलं दूध पिळून टाकायचं आणि मग लेकरू घ्यायचं. उन्हाचं दूध लेकराला बाधतं. जुन्या बाया सगळ्याच असं म्हणतात, म्हणून दानेश्वरीनंही मान डोलावली. संध्याकाळी दारात पाऊल पडताच पोरगी टाहो फोडायची आणि ही बया परसातल्या बेलाच्या बुडाशी बसून दूध पिळायची. जीव तीळतीळ तुटायचा. पण सासूनं दिवसभर पोर सांभाळायची आणि आपण तिची एवढी गोष्टही ऐकायची नाही, हे तिला बरं वाटेना.

थर्मास घेऊन ती पहिल्यांदा घरी आली तेव्हा गंगम्मानं डबी घेतली, उलटसुलट बघितली, फ्रिजमध्ये ठेवली. कसं पाजायचं ते दानेश्वरीनं दोनदा सांगितलं. गंगम्मा दोन्ही वेळा हूं म्हणाली. दुसऱ्या संध्याकाळी डबी धुऊन पालथी घातलेली. तिसऱ्या दिवशीही तसंच. दानेश्वरी खूश. श्रीपतरावांना तिनं पेढे दिले, कशाचे ते सांगितलं नाही, त्यांनीही विचारलं नाही.

असे अठरा दिवस गेले. मधूनमधून काहीतरी टोचायचं. मल्लव्वा संध्याकाळी छातीला लागायची, दोन घोट घ्यायची, तोंड फिरवायची, मधेच हिरड्यांनी चावायची. तिच्या तोंडाला म्हशीच्या दुधाचा वास यायचा. दानेश्वरी मनाला समजवायची की आपल्यालाच भास होतोय. बिदरला आधी डबी काठोकाठ भरायची, आता पाऊणच भरायला लागली. पाल चुकचुकते, पण माणूस वर बघत नाही, तसं झालं तिचं.

एकोणिसाव्या दिवशी हुमनाबादच्या पुढं गाडी बंद पडली. प्रवासी मागच्या गाडीत बसवले, श्रीपतराव मेकॅनिकची वाट बघत थांबले आणि दानेश्वरीला डेपोनं सुट्टी दिली. दुपारी दीडच्या सुमाराला ती मंठाळला पोचली. पोरगी झोपली असेल, कडी वाजवून उठवायला नको, म्हणून परसाच्या दारानं आत आली.

बेलाच्या बुडाशी गंगम्मा उभी होती. डोक्यावर पदर, ओठ पुटपुटत होते, आणि हातातली स्टीलची डबी ती हळूहळू, थेंब बाहेर जाऊ न देता, बेलाच्या आळ्यात रिकामी करत होती. आत पाळण्यात मल्लव्वा बाटली चोखत होती, आणि बाटलीला टेकू म्हणून वाकळेची घडी लावलेली होती.

दानेश्वरीच्या हातातला थर्मास तिथंच पडला. किती दिवस चाललंय हे, असं तिनं विचारलं. गंगम्मा खोटं बोलणारी बाई नव्हे. पहिल्या दिवसापासून, असं तिनं सांगितलं. एक दिवससुद्धा पाजलं नाही का, तर नाही. मग दानेश्वरीचं डोकं फिरलं. ती काय काय बोलली ते लिहिण्यासारखं नाही. मी त्या बसमध्ये छाती उघडी टाकून बसते, परका माणूस दाराशी राखण करतो आणि तुम्ही माझ्या लेकराच्या तोंडचं झाडाला घालता, असं म्हणाली. वैरीणसुद्धा असं करत नाही, असंही म्हणाली. आत गेली, पोरीचे कपडे पिशवीत कोंबले, पोरगी काखेत मारली आणि मादन हिप्परग्याला माहेरी जायला निघाली. उंबऱ्यात गंगम्मा बसली होती. उठायला तयार नव्हती.

"कामून केलासा असं, अत्ती?" दानेश्वरीनं विचारलं. रडू आता आवरत नव्हतं.

गंगम्मानं उंबऱ्यावरून हात फिरवला. मग म्हणाली, "गुरुबसवाच्या आधी येक व्हती मला. उमादेवी. आठ महिन्याची."

हे दानेश्वरीला नवीन होतं. गुरुबसवालाही ठाऊक नसणार, नाहीतर त्याच्या तोंडून कधीतरी आलं असतं. गंगम्मानं मग सांगितलं ते असं. वैशाखाचा महिना, शेतात तुरीची धसकटं वेचायचं काम. गंगम्मा दुपारी घरी आली तर पोरगी रडून रडून निळी पडलेली. अंगात पान्हा दाटलेला. ना हातपाय धुतले, ना पहिलं दूध काढलं, उंबऱ्यातच बसली आणि पोरीला पदराखाली घेतली. संध्याकाळी पोरीला उलट्या लागल्या, मग हगवण. दुसऱ्या दिवशी दिवे लागायच्या आत ती गेली. रीतीप्रमाणं तिला मातीत बसवून, पुरून आल्यावर सासू सगळ्यांदेखत म्हणाली, उन्हाचं दूध पाजून मारलीस पोरीला. त्याला आता अडतीस वर्षं झाली होती.

"तू तर दिसभर त्या तापल्या पत्र्यात आसतीस," गंगम्मा म्हणाली. "ते दूध मी ह्या हातानं पाजू? फेकून दिलं न्हाई गं. बेलाला घातलं. तुझा पान्हा आटू नये मून."

दानेश्वरीनं पिशवी खाली ठेवली. रागाला जागाच उरली नव्हती. तेवढ्यात गुरुबसव दुकानातनं आला, दोघींची तोंडं बघितली आणि विचारलं काय, तर चहा हाय का. पुरुषांना नेमका तेव्हाच चहा लागतो.

पुढचे तीन दिवस दानेश्वरीनं ज्योतीचं सगळं ज्ञान सासूपुढं ओतलं. अंगातलं दूध उन्हानं तापत नसतं. उमादेवी दुधानं गेली नाही, पाण्यानं गेली असेल, माशांनी गेली असेल, तेव्हा ना मिठा-साखरेचं पाणी कुणी द्यायचं, ना जवळ दवाखाना. गंगम्मा डॉक्टरपुढं डोलवावी तशी मान डोलवायची. बेलाला घालायचं तिनं बंद केलं, शब्द दिला होता म्हणून. पण संध्याकाळी फ्रिज उघडला की डबी जशीच्या तशी भरलेली. चमचा तोंडापर्यंत नेते, मग हात उचलत नाही, असं सांगताना म्हातारीचा चेहरा इतका कसनुसा व्हायचा की दानेश्वरीलाच तिची कीव यायची.

इकडं बिदरला आता अर्धीच डबी भरायला लागली. ज्योतीनं डबी बघितली आणि पहिल्यांदाच रागावली नाही. असंच चाललं तर पंधरा दिवस, एवढंच म्हणाली. गुरुबसवानं त्याच्या परीनं उपाय सुचवला: नोकरी सोड, पोरगी मोठी झाली की बघू. सोडलेली नोकरी कुणासाठी पोर मोठी व्हायची वाट बघत बसते का. पण दानेश्वरीला त्या दिवशी खरंच वाटलं की सोडावी. राजीनाम्याला कागद कुठला लागतो ते तिनं डेपोत विचारूनसुद्धा ठेवलं.

त्याच संध्याकाळी जेवणं झाल्यावर गंगम्मा ताट धुऊन पाणी प्याली. रोजचंच. दानेश्वरीनं हे हजार वेळा बघितलं असेल. त्या दिवशी मात्र ती बघतच राहिली.

दुसऱ्या दिवशी ती घरी आली तेव्हा गंगम्मा अंघोळ करून पूजेला बसत होती. दानेश्वरीनं हातपाय धुतले. पाळण्यात मल्लव्वा रडत होती, तिला घेतलं नाही. छाती ठणकत होती, बेलाकडं गेली नाही. देवळीतनं तिनं चांदीची वाटी घेतली, गंगम्माच्या नैवेद्याची. थर्मासातली डबी उघडली, दूध वाटीत ओतलं आणि वाटी गंगम्मासमोर ठेवली. गंगम्माच्या डाव्या तळहातावर लिंग होतं, डोळे मिटलेले होते. उघडले तर समोर वाटी.

"हे काय?"

"निवद," दानेश्वरी म्हणाली. "आज गायीचं न्हाई. माझं हाय. गाडीतलं, उन्हातलं."

गंगम्मानं तळहातावरचं लिंग छातीशी घेतलं. असलं कुणी करतं का, असं काहीसं ती पुटपुटली.

"लिंगाला चालत नसंल तर तसं सांगा," दानेश्वरी म्हणाली. आवाज चढू नये म्हणून तिला फार जोर लावावा लागला. "तुम्ही सांगितलासा का चालत न्हाई, तर मी उद्याच राजीनामा देते. पुन्हा तुम्हाला येक शब्द बोलनार न्हाई."

गंगम्मापुढं मोठाच पेच होता. आईचं दूध लिंगाला चालत नाही, असं तिच्या तोंडून कसं निघावं? आणि दाखवलं की तो परसाद. परसादाला वाईट म्हणायचं नाही, परसाद सांडायचा नाही, टाकायचा नाही, झाडालाही घालायचा नाही. जन्मभर तिनंच हे दुसऱ्यांना शिकवलेलं. आणि दाखवणाऱ्यानं आधी आपण घ्यायचा, मग दुसऱ्याला द्यायचा. मल्लव्वाचं रडणं एव्हाना हुंदक्यांवर आलं होतं. दानेश्वरीनं दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले, पाळण्याकडं जाऊ नयेत म्हणून.

शेवटी गंगम्मानं उजव्या हातानं वाटी उचलली, तळहातावरच्या लिंगासमोर धरली, कपाळाला लावली. वाटी खाली ठेवून करंगळी दुधात बुडवली आणि जिभेवर टेकवली. मग डोळे मिटून थांबली. जणू आता काहीतरी होणार होतं आणि तिला त्याची वाट बघायची होती.

काही झालं नाही.

"थंड हाय," ती म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "गोड हाय गं."

तिनं लिंग करडगीत ठेवलं, गुडघ्यावर हात टेकून उठली आणि मल्लव्वाला आपणच मांडीवर घेतलं. वाटी घटकाभर गरम पाण्यात धरली. पहिला चमचा तोंडाशी नेताना हात थरथरला, चार थेंब हनुवटीवर ओघळले, ते तिनं बोटानं निपटून पोरीच्याच तोंडात घातले. पोरगी मचमच करत प्यायली. दुसरा चमचा, तिसरा. वाटी संपत आली तसा गंगम्माचा हात स्थिर झाला. दानेश्वरी समोर बसली होती, शर्टाचा पुढचा भाग भिजून चिंब झाला होता आणि तिला त्याचं काही वाटत नव्हतं.

वाटी संपली. पोरगी मांडीवरच डोळे मिटायला लागली. गंगम्मा तिच्याकडं बघत होती, पण बोलली ती दुसऱ्याच पोरीचं.

"म्हंजी माझंबी असंच आसंल की," ती म्हणाली. "गोडच आसंल."

"व्हय अत्ती," दानेश्वरी म्हणाली. "गोडच आसंल."

गंगम्मानं मान हलवली. गालावरनं पाणी वाहत होतं, ते तिनं पुसलं नाही. शेजारचा तांब्या ओढून रिकाम्या वाटीत घोटभर पाणी घातलं, बोटानं वाटी चहूबाजूंनी धुतली आणि ते पाणी पिऊन टाकलं.